हापूस १३ दिवस थोपवायचाय, मदत हवी आहे

काल देवगडहून भावाने दोन पेट्या पाठवल्या, ५-५ डझनांच्या. आजोबांनी लावलेल्या कलमांचा आंबा. लेक परीक्षा संपवून १८ मेला दिल्लीहून दादरला येतेय, म्हणजे अजून १३ दिवस. तिला फोडीच हव्या असतात, त्यामुळे रस काढून फ्रीझ करायला कृपया सांगू नका.

आंबे कडक, हिरवे आहेत. देठाशी खळगा पडलाय, म्हणजे तयार फळ आहे. पण घरात दुपारी ३४ अंश! गवतात ठेवले तर आठवड्याभरात पिवळे होतील.

गेल्या वर्षी डझनभर कच्चेच फ्रीजमध्ये ठेवले होते. दहा दिवसांनी काढले तर सालीवर करडे डाग नि बारीक खड्डे. नंतर चार दिवस बाहेर ठेवले, तरी पिकले नाहीत, नुसते सुरकुतले. गर पांढरट, बेचव. भावाला सांगायला तोंड झालं नाही मला. मागाहून कळलं की कच्च्या आंब्याला १२-१३ अंशांखाली थंडी बाधते, आणि फ्रीज ४-५ वर चालतो. घरात १३ अंश आणायचे कुठून? एसीच्या खोलीत ठेवून भागेल का? आणि फळ पिकवणारा वायू शोषून घ्यायला निर्यातीच्या खोक्यांत पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या घालतात, त्या घरी चालतील?

प्रतिसाद: ताई, आमची रत्नागिरीकडे बाग आहे. आधी सगळे आंबे गवतातून बाहेर काढा. फळातून निघणारा, फळ पिकवणारा इथिलीन वायू आणि ऊब कोंडून राहावी म्हणूनच तर आपण अढी घालतो. फरशीवर सुती कापड, त्यावर एकच थर, एकमेकांना न टेकता. त्या खोलीत केळी, पपई नको. पुड्यांचा उपयोग बंद खोक्यात; उघड्या खोलीत काही होणार नाही. एसीने दोन-चार दिवस मिळतील, १३ नाही मिळणार. उरलेले दिवस फ्रीजच देईल, पण पिकल्यावर. पिकलेलं फळ थंडी बरीच सोसतं. रंग भरला, वास सुटला की मग भाजीच्या कप्प्यात ठेवा, ५-६ दिवस छान राहतात. रोज एकेक हाताळून बघा.

धागाकर्ती: खूप आभार! आत्ताच जुनी धोतरं अंथरून १२०च्या १२० मांडले. तीन देठापाशी पिवळसर दिसले, ते स्वयंपाकघरात नेले. एवढंच सांगा, फ्रीजमध्ये कागदात गुंडाळून ठेवू की उघडेच?