रॅम ३२ जीबी की ६४? गेमिंग + ४के एडिटिंग

नवीन पीसीसाठी एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर ठरलाय. गेम १४४०पी वर, एडिटिंग ४के. आत्ता १६ जीबीच्या दोन स्टिक घेऊन पुढे आणखी दोन लावल्या तर चालेल का?

— तसं करू नका. डीडीआर५ मध्ये (या प्रोसेसरला लागणारी रॅम) चारही स्लॉट भरले की मेमरी कंट्रोलरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागावर, ताण येतो; ६००० वेगाची रॅम बऱ्याचदा ३६०० पर्यंत खाली आणावी लागते. नुसत्या गेमला ३२ जीबी पुरते. पण ४के टाइमलाइनवर इफेक्ट्स असतील तर ३२ जीबीच्या दोन स्टिक (एकूण ६४), एकाच किटमधल्या, आत्ताच घ्या.

— सहमत. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा, क्लिप टक्कन लागेपर्यंत दाबा. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारं सेटिंग, चालू करा, नाहीतर रॅम ४८०० च्या आसपासच धावत राहते. पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहील. मेमरी ट्रेनिंग (नव्या रॅमशी जुळवून घेणं) चाललेलं असतं, घाबरून पॉवर बंद करू नका.

धन्यवाद. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं पुरेल?

— नवीन गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांचे बारकावे) अल्ट्रावर ठेवलं की कार्डाची स्वतःची ८ जीबी मेमरी कमी पडते आणि गेम अडखळतो, मग रॅम कितीही असो. किमान १२ जीबीचं कार्ड घ्या.