आयएसओ ऑडिटची एनसी (त्रुटीची नोंद) परत आली, अर्जंट मदत हवी

रबाळे_शॉपफ्लोअर: सर्व्हेलन्स (सर्टिफिकेटनंतरच्या दरवर्षीच्या) ऑडिटची एनसी क्लोज करायला पाठवली होती, ऑडिटरने परत पाठवली. 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिले' असं लिहून अटेंडन्स शीटसुद्धा जोडली होती. अजून काय पाहिजे? मालक रोज डोकं खातायत. कोणाकडे भरलेला फॉरमॅट असेल तर टाका. ज्ञान नको, प्लीज.

मायक्रॉन: मेजर की मायनर? कुठला क्लॉज? आयएसओ ९००१ की आयएटीएफ (वाहन उद्योगाचं स्टँडर्ड)? काहीच न सांगता फॉरमॅट काय मागताय?

रबाळे_शॉपफ्लोअर: ९००१च हो, आणखी काय असणार. मायनर. ७.१.५.

मायक्रॉन: म्हणजे मोजमापाची साधनं. सापडलं काय नेमकं?

तिसरी_शिफ्ट: फॉरमॅटने काही होत नाही भाऊ. आमच्याकडे वागळे इस्टेटला सगळं एक्सेलमध्ये होतं. सॉफ्टवेअर घेतलं, आता कॅलिब्रेशन (साधनाची अचूकता तपासणं) ड्यू झालं की थेट मालकाच्या मोबाइलवर मेसेज. विषय संपला.

लाल_पेन: सॉफ्टवेअर कशाला? आधी क्वालिटी मॅन्युअल बघा. ते कच्चं असलं की पुढचं सगळं कच्चं. आणि तुमचे एमआर (मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह) कुठे आहेत? उत्तर त्यांनी द्यायचं.

मायक्रॉन: २०१५ च्या आवृत्तीत मॅन्युअलची सक्ती नाही, एमआर नेमायची अटही गेली. तुम्ही अजून २००८ मध्येच आहात.

लाल_पेन: सक्ती नाही म्हणजे बंदी नाही. आमचे ग्राहक अजून मॅन्युअल मागतात. त्यांना जाऊन सांगा तुमचं २०१५.

ऐरोलीची_मावशी: मध्येच विचारते, भाचा मेकॅनिकल झालाय. लीड ऑडिटरचा कोर्स करू दे का?

तिसरी_शिफ्ट: मावशी, आधी दोन-चार वर्षं शॉपवर काढू दे त्याला. नुसत्या कोर्सवर कोणी ऑडिटला उभं करत नाही.

रबाळे_शॉपफ्लोअर: अहो माझं बघा ना! सीएनसी मशिनवर ऑपरेटर बोअर (भोकाचा आतला व्यास) मोजत होता. ऑडिटरने त्याच्या हातातला व्हर्नियर घेतला, उलटासुलटा करून पाहिला. आयडी नंबर नाही, स्टिकर नाही. पोरगा म्हणाला, 'माझा स्वतःचा आहे, लॉकरमध्ये असतो.' झालं! रजिस्टरमधल्या प्रत्येक व्हर्नियरचं एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबचं सर्टिफिकेट आहे, त्याचं कौतुक कुणालाच नाही.

जुना_इन्स्पेक्टर: पोराला स्वतःचा व्हर्नियर का आणावा लागला?

रबाळे_शॉपफ्लोअर: कंपनीचे स्टोअरमध्ये असतात, सही करून घ्यायचे. रात्रपाळीला स्टोअर बंद असतं.

जुना_इन्स्पेक्टर: मग ट्रेनिंग दिल्याने रात्री स्टोअर उघडणार आहे का? ऑडिटर तेच म्हणतोय. व्हर्नियर काढून घेतलात ते करेक्शन, म्हणजे फक्त तात्कालिक दुरुस्ती. मूळ कारण स्टोअरची वेळ आहे, ते लिहा. १०.२ मध्ये असंच दुसरीकडे घडतंय का हेही बघायला सांगितलंय, तेव्हा बाकीचे लॉकर उघडा. मायक्रोमीटरही निघतील. आणि खरी गोम पुढे आहे: त्या व्हर्नियरने मोजलेला माल कुठे आहे?

रबाळे_शॉपफ्लोअर: डिस्पॅच झाला.

जुना_इन्स्पेक्टर: म्हणून अटेंडन्स शीट चालली नाही. साधनाचा भरवसा नसेल तर आधीच्या मोजमापांचं काय झालं ते तपासायला ७.१.५.२ सांगतं. तोच व्हर्नियर लॅबला पाठवा. एरर तुमच्या टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) मानाने किरकोळ असेल तर रिपोर्ट जोडून तसं लिहा. जास्त निघाली तर स्टॉकमधले नग पुन्हा मोजा आणि ग्राहकाला कळवा. लपवू नका, रिजेक्शन आलं की दुप्पट महागात पडतं.

रबाळे_शॉपफ्लोअर: मालक रात्री स्टोअरला माणूस ठेवणार नाहीत, आधीच सांगतो.

जुना_इन्स्पेक्टर: माणूस कोण मागतंय? मशिनजवळ कुलुपाची पेटी ठेवा, चावी शिफ्ट सुपरवायझरकडे. पाळी बदलताना मोजून ताबा द्यायचा, वहीत सही. महिनाभराच्या सह्यांच्या पानांचे फोटो जोडा, तो पुरावा. इंटर्नल ऑडिटही एकदा रात्रपाळीत करा. दिवसाच केलेल्या ऑडिटला रात्रीचं कसं दिसणार?

तिसरी_शिफ्ट: वहीतल्या सह्या एकाच पेनाने एकाच दिवशी होतात, मी बघितलंय. सॉफ्टवेअरमध्ये वेळ तरी पडते.

लाल_पेन: ते सगळं राहू द्या. बोअर व्हर्नियरने कोण मोजतं? टॉलरन्स किती आहे? प्लग गेज (भोकात घालून माप तपासायचं साधन) घ्या.

रबाळे_शॉपफ्लोअर: प्लग गेजला पण कॅलिब्रेशन लागेल का?

मायक्रॉन: लागेल.