शब्दचर्चा : ‘कॉपर फाउलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

नौपाडा : आमच्या रायफल क्लबातल्या नव्या मुलांसाठी सफाईचं मराठी पत्रक करतोय. ‘कॉपर फाउलिंग’पाशी, म्हणजे गोळीच्या कवचाचं तांबं रायफलीच्या नळीत आतून चिकटून बसतं त्यापाशी, गाडं अडलं. एकांनी ‘ताम्र-अवक्षेपण’ सुचवलं. पण अवक्षेप द्रावणातून खाली बसतो, इथे द्रावण कुठलं? ‘तांबेरा’ चालेल का?

निफाडकर, हल्ली मुक्काम घोडबंदर : तांबेरा नको हो. आमच्याकडे तो गव्हावर पडतो, बुरशी आहे ती. पोरांना वाटेल नळीला काही रोगबिग झालाय.

पाचपाखाडी : मग ‘कळकणं’? तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं.

वागळे इस्टेट : ताई, कळकतं ते ताक, भांडं नव्हे. ताकातल्या आंबटपणाने तांब्याचे क्षार उतरतात. नळीत तसलं काही होत नाही, धातू धातूला घासून चिकटतो. ॲल्युमिनियम कापताना धारेवर थर चढला की आमच्या मशीन शॉपमध्ये ‘टूलने माल धरला’ म्हणतात. माझं मत : ‘नळीने तांबं धरलं.’ तव्याने कीट धरावं, भिंतीने शेवाळ धरावं, तसंच.

यात नळी कर्ता होते, आणि तेच बरोबर आहे. रायफलच्या गोळीचा गाभा बहुतेक वेळा शिशाचा, वर गिल्डिंग मेटलचं कवच : 95 टक्के तांबं, 5 टक्के जस्त, कधी 90-10. गोळीवर कवच आलं ते 1880 च्या दशकात. स्वित्झर्लंडमध्ये रुबिन यांनी 1882 च्या सुमारास तांब्याच्या कवचाची गोळी केली, 1884 मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली. वेग इतका वाढला की उघडं शिसं नळीतल्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) तग धरेना. कवच आलं, शिशाचा त्रास गेला, तांब्याचा सुरू झाला. मधल्या काळात तांबं-निकेलची कवचं होती. त्यांच्या तर नळीत गाठीच बसायच्या.

आता एकाच खोक्यातली काडतुसं दोन रायफलींतून झाडा. एक नळी दहा-वीस फैरींत तांबूस होते, दुसरी दिवसभर स्वच्छ राहते. गोळी तीच, मग फरक कुठला? नळीच्या आतल्या अंगाचा. भोक पाडल्यावर त्यात रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) गोल फिरत जातो, त्याच्या रेघा आडव्या पडतात. गोळी जाते लांबीच्या दिशेने. प्रत्येक आडवी रेघ कानशीच्या दातासारखी कवच खरवडते आणि खरवडलेलं तिथेच बसतं. म्हणून चांगल्या नळ्या शेवटी लॅप करतात : आतून शिशाचा गट्टू आणि पॉलिशची पूड घेऊन लांबीच्या दिशेने घासतात.

चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढचा भाग तापलेल्या वायूंनी भाजून बारीक भेगाळतो, तोही धरतो. गंजाचे खड्डे धरतात. वेग आणि उष्णता वाढली की सगळंच वाढतं. शिवाय सबंध तांब्याच्या गोळ्या. त्या जास्त माखवतात, म्हणून हल्ली त्यांच्या अंगावर खाचा ठेवतात, घासणारा पृष्ठभाग कमी व्हावा म्हणून.

कळवा, माजी एनसीसी : धरलंय की नाही ते नळीच्या तोंडाशी टॉर्च तिरका धरून बघायचं. आट्यांमधल्या उंच पट्ट्यांवर तांबूस रेघा चमकतात. मग अमोनियावाल्या द्रावणाची चिंधी फिरवायची. तांबं असेल तर निळी होऊन निघते. एक मात्र पत्रकात ठळक लिहा : ब्राँझचा ब्रश आणि पितळी जॅग (सळईला चिंधी लावायचं टोक) वापरलात तर त्यांच्याच तांब्याने चिंधी निळी होते आणि माणूस उगाच तासभर घासत बसतो. नायलॉनचा ब्रश घ्या. द्रावण नळीत रात्रभर सोडू नका.

पाचपाखाडी : अमोनिया म्हणजे कल्हईवाल्याच्या नवसागराचा वास! मग बंदुकीलाच आतून कल्हई का नाही करत?

वागळे इस्टेट : हसू नका, जवळपास तेच करतात. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी तोफेच्या दारूबरोबर कथिल वापरलं. कथिल तांब्यात मिसळलं की थर ठिसूळ होतो आणि पुढच्या फैरीबरोबर उडून जातो. आजही काही दारूंत कथिल किंवा बिस्मथ असतं. पण म्हणून पत्रकात ‘कल्हई’ घालू नका, प्लीज.

नौपाडा : घेतलं. ‘खडबडीत नळी तांबं लवकर धरते.’ नाम लागेल तिथे ‘तांब्याचा थर’. पण आमची बरीच मुलं पॉइंट टू टू (.22 बोअरची रायफल) मारतात, त्यांनाही हेच?

वागळे इस्टेट : छे. मॅचची पॉइंट टू टू गोळी शिशाची, वर मेण किंवा ग्रीस. वेगही ध्वनीच्या आतला. ती नळी शिसं धरते, आणि शिशाला अमोनिया काही करत नाही. एअर रायफलचे पेलेटही बहुतेक शिशाचेच. तांब्याचा परिच्छेद पॉइंट थ्री वन फाइव्ह आणि सेव्हन सिक्स टू या मोठ्या बोअरवाल्यांसाठी वेगळा काढा, नाहीतर पोरं एअर रायफलच्या नळीतही अमोनिया ओततील.