आत्याच्या पेटीतली पदकं, काठावरचं आडनाव मात्र दुसरंच

निपाणीची शिलाईवाली

नमस्कार. निपाणीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. पदकांतलं मला काही कळत नाही, कापडातलं कळतं. म्हणून कापडापासूनच सांगते.

आमचं मूळ घर दूधगंगेकाठच्या एका खेड्यात आहे. तिथं माझी आत्या एकटी राहते, वय ८४. २०१९ च्या पुरात तिची कॉटखालची पत्र्याची पेटी दोन दिवस पाण्यात होती. पाणी उतरल्यावर सगळं उन्हात वाळवलं आणि परत भरून ठेवलं, नीट असं कुणी पाहिलंच नाही. यंदा मे महिन्यात मी ती पेटी उपसली. तळाशी एका जुन्या पागोट्याच्या घडीत खाकी जाड कापडाची पट्टी निघाली. तिच्यावर तीन फिती हातशिलाईनं शेजारी शेजारी टाचलेल्या आहेत. टाके बारीक आणि एकसारखे आहेत. काळा दुहेरी दोरा आहे. हे काम घरातल्या बाईचं नव्हे, पलटणीतल्या शिंप्याचं असावं.

मधल्या फितीला चांदीचं गोल पदक आहे. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडा माणूस, आणि १९१४ व १९१८ हे आकडे. फितीच्या मध्ये हळदी-नारिंगी रुंद पट्टा, दोन्ही कडांना पांढरी, काळी आणि निळी रेघ. तिसऱ्या फितीला पितळेसारखं पदक आहे, त्यावर पंख असलेली बाई. तिची फीत म्हणजे दोन इंद्रधनुष्यं लाल रंगाशी एकमेकांना जोडलेली. असं विणकाम मी आजवर पाहिलं नव्हतं. पहिली फीत लाल, पांढरी, निळी, पाण्यावर लाटा दिसाव्यात तशा झळाळीची. तिला काहीच लटकलेलं नाही. तळाशी घडी मात्र ताणलेली आहे, म्हणजे तिथं वजन होतं हे नक्की.

दोन्ही पदकांच्या काठावर इंग्रजी अक्षरं ठोकली आहेत. भिंगातून वाचली. चार आकडी नंबर, शिपाई, नाव, आणि शेवटी ११७ मराठाज. नाव माझ्या पणजोबांचंच आहे. पण आडनाव मोरे. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. आमच्या घरात मोरे कुणी नाही. मग ही पदकं पणजोबांची, की त्यांनी दुसऱ्या कुणाची जपून ठेवली?

आत्याला पणजोबा आठवतात. ती म्हणते, "आजा कुटलमाऱ्याला होता." लहानपणी आम्हाला वाटायचं कुटलमारा म्हणजे कोकणातलं एखादं गाव. दोन गोष्टी ती नेहमी सांगते. ते ताटात एक शीत ठेवत नसत आणि भाकरीचा तुकडा घोंगडीखाली लपवून झोपत. आणि घोड्याच्या टांग्यात कधी बसत नसत. निपाणीच्या बाजाराला चालत जायचे, चालत यायचे.

एका सराफाला दाखवलं तर त्यानं चांदीचं पदक लगेच वजनकाट्यावर टाकलं. मी तिथून उठून आले. आधी चिंच-मीठ लावून घासणार होते, पण धीर झाला नाही. काय करू, सांगा.

संकेश्वरचा संग्राहक

ताई, घासलं नाहीत हे फार चांगलं केलंत. तसंच राहू द्या. चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर, काहीही नको. घासलं की काठावरची अक्षरं बोथट होतात, आणि पदकाचा माणूस त्या अक्षरांतच असतो. प्लास्टिकच्या मऊ पिशवीतही ठेवू नका, ब्राँझला हिरवट चिकट राप चढतो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा.

तुमची चांदीची वस्तू म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. व्यास ३६ मिलिमीटर भरेल, मोजून बघा. बरंच कमी भरलं तर काठ कानशीनं घासून दुसरं नाव ठोकलेलं असू शकतं. बाजारात असा माल मी पाहिलाय. इंद्रधनुषी फितीचं ते व्हिक्टरी मेडल, मागं १९१४-१९१९ असेल. आणि रिकाम्या फितीला असणार १९१४-१५ चा स्टार, चार टोकांचा ब्राँझचा तारा, त्यावर एकमेकींवरून तिरप्या दोन तलवारी. १९१४ च्या वेगळ्या स्टारलाही हीच फीत असते, पण तो फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीचा. ११७ मराठा पलटण तिकडं नव्हती.

तारा महत्त्वाचा का, ते सांगतो. उरलेली दोन पदकं १९१८ पर्यंत कधीही परदेशी आघाडीवर गेलेल्याला मिळाली. तारा मात्र ३१ डिसेंबर १९१५ च्या आत आघाडीवर पोचलेल्यालाच. ताऱ्याला काठ नसतो, म्हणून नंबर आणि नाव मागच्या सपाट बाजूला असतं. तो कुठं गेला ते घरात विचारा की. भाऊबंदांत एकेक पदक वाटून घेतलेलं मी तीन-चार घरांत पाहिलंय.

विकायचा विचार मनात आला तरी पट्टी उसवू नका. संच फुटला की माणूस फुटला. आणि परदेशातून कुणी मागितलं तर सरळ नाही म्हणा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे.

निवृत्त सुभेदार, बेळगाव

ताई, जय शिवराय. तुमच्या आत्याबाईंचा शब्द वाचला आणि अंगावर काटा आला. कुटलमारा म्हणजे कुट-अल-अमारा. इराकात तैग्रिस नदीच्या वळणावरचं गाव.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. आमच्या रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. त्याच साली जुन्या पलटणींचे नंबर बदलले आणि ११७ वी पाचव्या मराठा रेजिमेंटची पाचवी पलटण झाली. कुटमध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफोनची लढाई झाली, तिथून माघार घेत फौज कुटला आली. डिसेंबरच्या सुरुवातीला तुर्कांनी वेढा घातला, तो जवळजवळ पाच महिने चालला. रसद तुटली, तेव्हा तोफखान्याची आणि रिसाल्याची घोडी कापून खायला दिली. आपली माणसं कितीतरी आठवडे ते मांस खाईनात. नुसत्या मूठभर पिठावर राहिली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली. पुढं वाळवंटातून पायी चालवलं, रास-अल-ऐनजवळ रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यातली पुष्कळ परत आली नाहीत.

भाकरी आणि टांगा, या दोन्ही गोष्टी मी माझ्या नातवांना वाचून दाखवल्या.

पण शिस्तीनं एक सांगतो. पलटण कुटमध्ये होती म्हणून प्रत्येक शिपाई तिथं होता असं नाही. काही आधीच जखमी होऊन मुंबईला परतले होते, आणि कुट पडल्यावर तीच पलटण नव्यानं उभी केली. त्यामुळं संग्राहक म्हणतात तो तारा शोधाच. तोवर सेंटरला साधा अर्ज द्या. नंबर, नाव, पलटण आणि काठाचे फोटो. मूळ पदक टपालानं कुठंही पाठवू नका.

खानापूरचे गुरुजी

आडनावाचं मी सांगतो, कारण आमच्याच घरात हे घडलंय. माझे चुलत आजोबा पलटणीत गेले तेव्हा कारकुनानं कुळ विचारलं, यांनी कुळाचं आडनाव सांगितलं. गावात सगळे गावाच्या नावानं ओळखायचे, तेच पुढं शाळेत आणि उताऱ्यावर चढलं. एकाच माणसाची दोन आडनावं झाली. तुमच्या घरात लग्न ठरवताना कुळ कोणतं सांगतात? देवक कोणतं? ते आधी विचारा.

दुसरं, गावच्या मराठी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघा. तुमच्या आजोबांचं नाव १९२० ते १९३० च्या पानांत सापडायला हवं. आपल्याकडच्या शाळांत ही रजिस्टरं अजून कपाटात आहेत. वाळवी लागायच्या आत जा. तहसील कचेरीतली जुनी कागदं मोडीत असतील, फोटो काढून टाका, मी वाचून देईन.

आणि कॉमनवेल्थच्या युद्धस्मशान आयोगाची यादी संगणकावर उघडा. इराकातल्या बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे, पण दगडावर हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या. नावं यादीत आहेत. पुष्कळांपुढं बापाचं नाव, गाव, तालुकाही. तुमचे पणजोबा परत आले, म्हणजे त्यांचं नाव तिथं नसावं. पण ११७ व्या पलटणीत त्याच नंबरचा मोरे मृतांत निघाला, तर मात्र पदकं दुसऱ्याची.

हुक्केरीचा

आमच्याकडं चांदीचं एकच होतं. वडिलांनी १९८० साली चांदीचा भाव वाढला तेव्हा मोडलं, बहिणीच्या पैंजणात गेलं. तेव्हा नंबरही कुणी लिहून ठेवला नाही. ताई, आज रात्रीच वहीत लिहून ठेवा.

निपाणीची शिलाईवाली

सगळ्यांना नमस्कार. तीन आठवडे झाले, आता लिहिते.

नंबर वहीत लिहिला, त्याच रात्री. चांदीचं पदक दुकानातल्या पट्टीवर मोजलं, बरोबर ३६.

गुरुजी, आत्याला कुळ विचारलं तर ती म्हणाली, "मोऱ्याचं की गं. तुला ठाऊक नाही?" लग्नपत्रिकेत आम्ही कधी लिहिलंच नाही. शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी कपाट उघडून दिलं. १९२६ च्या पानावर आजोबांचं नाव आहे, पुढं मोरे, आणि त्याच ओळीत वर बारीक अक्षरात आमचं आताचं आडनाव. शाईसुद्धा वेगळी दिसते. बापाच्या धंद्याच्या रकान्यात लिहिलंय, शेती, माजी शिपाई. ते दोन शब्द वाचून मी तिथंच बाकावर बसले.

यादीही पाहिली. आमचा नंबर तिथं नाही. पण चिकोडी तालुका टाकून शोधलं तर खाली खाली नावं येत गेली. काही गावं अशी, की तिथल्या बायकांचे ब्लाउज मी दर दिवाळीला शिवते. त्यांच्या घरात कुणाला माहीत असेल का? मी एक वेगळी वही घातली आहे. गाव आणि बापाचं नाव उतरवून घेते. गिऱ्हाईक आलं की विचारते.

आता तारा. आत्या म्हणाली, वाटणीच्या वेळी धाकट्या आज्याच्या घरी काहीतरी गेलं होतं. ते घर आता गडहिंग्लजला आहे. चुलत भावाकडं गेले. कपाटं पाहिली, काही नाही. निघताना देवाला हात जोडायला आत गेले, तर देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी तो बसलेला. चार टोकं, तिरप्या तलवारी, हळदीनं पिवळा झालेला. वहिनी म्हणाल्या, सासूबाईंनी सांगितलेलं, हा पूर्वजांचा टाक, रोज पाणी दाखवायचं. परवानगी घेऊन उलटा केला. मागं कुंकू भरलं होतं, त्यामुळं अक्षरं लालभडक उठून दिसत होती. तोच नंबर. मोरे. ११७. आणि कडीत एक काळा दोरा अडकलेला होता, दुहेरी.

सुभेदारकाका, म्हणजे १९१५ संपायच्या आत ते तिकडं पोचले होते. सेंटरला अर्ज दिला आहे. आत्याला सांगितलं, कुटलमारा खरंच आहे, नदीकाठी आहे, आपल्यासारखंच. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथं पूर येतो का?"

तारा मी मागितला नाही. तो देव्हाऱ्यातच राहू दे असं मला वाटतं. फोटो काढून आणले. पट्टी उसवली नाही, पहिली फीत रिकामीच ठेवली आहे. फक्त एक विचारायचं आहे. वहिनी रोज पाणी घालून हळदकुंकू वाहतात, ब्राँझला त्यानं काही होईल का? आणि त्यांचं मन न दुखवता काय सांगू?

संकेश्वरचा संग्राहक

ताई, दूध, दही, लिंबू एवढं टाळायला सांगा. पंचामृत टाकांना घालू दे, ताऱ्याला नको. पाणी दाखवलं तर लगेच कोरड्या सुती कापडानं टिपून घ्यायचं, कडीच्या आतूनसुद्धा. अक्षरांतलं कुंकू काढायला टोकदार काही वापरू नका, राहू दे तसंच. फूल वाहिलं तर चालतंय, पण रात्री काढून ठेवायचं.

आणि तुमच्या वहीतली संकेश्वराकडची गावं मला पाठवा. मी रविवारी मोकळा असतो.