मदत हवी आहे: कायम रात्रपाळी, चाळीतला पोटमाळा आणि शुक्राणूंचा काउंट १ कोटी ३० लाख

पोटमाळा_३४

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. त्यासाठी मुद्दाम नवीन आयडी काढलाय, कारण ऑफिसातले दोघे-तिघे इथे असतात. ओळखलंत तरी ओळख दाखवू नका.

माझं वय ३४, बायको ३१. लग्नाला चार वर्षं झाली. गेले चौदा महिने मुलासाठी चान्स घेतोय, अजून काही नाही. घर लालबागला चाळीत, एक खोली आणि वर पोटमाळा. खाली आई-बाबा, वर आम्ही. मी सहार विमानतळावर कार्गोमध्ये, कायम रात्रपाळी. साडेसातला घर सोडतो, सकाळी सातला परत. बायको बीकेसीत, ती सव्वाआठला निघते आणि सातपर्यंत घरी येते. म्हणजे आमची भेट दिवसातून दोनदा, सकाळी चहाच्या कपावर आणि संध्याकाळी डबा हातात घेताना. माझी सुट्टी शनिवारी रात्री. जे काही ते शनिवारी, तेही आईचा गुडघा दुखत नसेल तर. दुखत असला की ती रात्री दोनदा उठून पाणी गरम करते, आणि पोटमाळ्याच्या फळ्या किती करकरतात हे चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको.

बायकोची सोनोग्राफी आणि थायरॉइड नॉर्मल. मग डॉक्टरबाईंनी माझी वीर्यतपासणी सांगितली. रिपोर्ट असा: प्रमाण २.६ मिली, काउंट १ कोटी ३० लाख प्रति मिली, हालचाल एकूण ३१ टक्के, त्यातली पुढे जाणारी १९ टक्के, नीट आकाराचे ३ टक्के. खाली इंग्रजीत दोन मोठी नावं लिहिली आहेत, ती गूगल केल्यापासून झोप उडाली आहे.

रिपोर्ट घेऊन एका सेंटरमध्ये गेलो. तिथल्या काउन्सेलरने दहा मिनिटांत आयव्हीएफचं पॅकेज समोर ठेवलं, ईएमआयच्या कोष्टकासकट. आत्या म्हणते अश्वगंधा घे आणि सम रात्री पाळ. मित्र म्हणतो रात्रपाळीनेच वाट लागली, नोकरी सोड. नोकरी सोडली तर ईएमआय कोण भरणार?

प्रश्न एवढाच: हा रिपोर्ट खरंच इतका वाईट आहे का, आणि सवयी बदलून फरक पडतो का? किती दिवसांत?

कटिंग_चहा

आधी त्या काउन्सेलरचा नंबर ब्लॉक करा. एका रिपोर्टवर आयव्हीएफ? राव, साधा चष्मा घेतानाही आपण दोन दुकानं फिरतो.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सोळा वर्षं हेच स्लाइडवर मोजतोय. डॉक्टर नाही, तेव्हा औषधाबद्दल बोलणार नाही. रिपोर्टबद्दल बोलतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा आहेत: प्रमाण १.४ मिली, काउंट १ कोटी ६० लाख प्रति मिली, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारी ३० टक्के, आकार ४ टक्के. आता हे आकडे आले कुठून ते बघा. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले, अशा पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यातल्या तळाच्या पाच टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे रेघेखालचेही काही जण बाप झालेलेच होते. ही पास-नापासची रेघ नाही. तुमचा काउंट रेघेच्या थोडाच खाली आहे, मला खटकते ती हालचाल.

म्हणून चार प्रश्न. खरी उत्तरं द्या, इथे तुम्हाला कोणी ओळखत नाही.

नमुना कुठे दिला, लॅबमध्ये की घरून नेला? घरून असेल तर किती वेळ लागला?
त्याआधी किती दिवसांचं अंतर होतं?
त्याआधीच्या तीन महिन्यांत ताप आला होता का? मुंबईत राहता, पावसाळा नुकताच गेलाय, म्हणून विचारतो.
तंबाखू, दारू, जिमचं काही?

पोटमाळा_३४

सूक्ष्मदर्शी, तुम्ही लॅबमध्ये आहात की क्राइम ब्रँचला?

नमुना घरून नेला. लॅब घाटकोपरची, डॉक्टरबाईंनी सुचवलेली. तिथल्या खोलीत जमणार नाही असं वाटलं. चिंचपोकळीहून लोकल पकडली असती तर अर्ध्या तासात पोचलो असतो, पण सकाळी नऊच्या गर्दीत ती डबी सांभाळून उभं राहायचं या कल्पनेनेच घाम फुटला. टॅक्सी केली. सायनला अडकलो. एक तास वीस मिनिटं. डबी बॅगेत होती, आणि आता तुम्ही विचारल्यावर आठवलं, शेजारीच फ्रिजमधली पाण्याची बाटली होती.

अंतर बारा दिवसांचं. मुद्दाम ठेवलं, म्हटलं साठलं तर काउंट चांगला येईल.

ताप आला होता. विसर्जनानंतर आठवड्याभरात डेंग्यू, पाच दिवस १०३-१०४. तपासणी त्यानंतर महिन्याभराने.

दारू वर्षातून दोनदा. जिम नाही. आणि तंबाखू मळतो, पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. रात्री तीन ते पाच डोळे मिटायला लागतात तेव्हा. दिवसाला आठ-दहा वेळा होत असेल. घरी फक्त बायकोला माहीत आहे.

सूक्ष्मदर्शी

झालं तर मग. हा रिपोर्ट तुमचा नाही, डेंग्यूचा आणि सायनच्या ट्रॅफिकचा आहे.

एकेक सांगतो. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती हौस म्हणून नाही. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सियस कमी तापमान लागतं. १०४ ताप पाच दिवस म्हणजे तिथला कारखानाच बंद. आणि एक शुक्राणू मुळापासून तयार व्हायला साधारण सत्तर दिवस, पुढे नळीतून पिकत बाहेर यायला आणखी एक-दोन आठवडे. म्हणजे आज जे बाहेर येतं ते अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या तुमच्या तब्येतीचं फळ. तुमचं 'किती दिवसांत' याचं उत्तरही तेच. आज तंबाखू सोडली तर फरक बघायला तीन महिने थांबायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा लॅबला पळायचं नाही.

अंतर २ ते ७ दिवस हवं. बारा दिवस साठवल्याने काउंट थोडा फुगतो, पण जुना माल पडून राहतो, हालचाल मंदावते. वेळेचं म्हणाल तर नमुना तासाभरात स्लाइडवर यायला हवा, खरं तर अर्ध्या तासात. डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून न्यायची. थंड बाटलीशेजारी ठेवलेल्या नमुन्याची हालचाल मी पाहिली आहे, जत्रा उठून गेल्यासारखं दिसतं.

पुढच्या वेळी शक्यतो लॅबच्या खोलीतच द्या. लाज वाटते, मान्य. आम्हाला मात्र काही वाटत नाही, आमच्यासाठी तो बारकोड असतो. साबण, तेल, थुंकी काही लावायचं नाही, साधा कंडोम वापरायचा नाही, आणि थोडं सांडलं तर सांगायचं, लपवायचं नाही. पहिला थेंब सांडला तर काउंटमध्ये मोठा फरक येतो.

ताप उतरल्यापासून पुरे तीन महिने झाल्यावर दुसरी तपासणी करा. मधल्या काळात तंबाखू बंद. मळलेली असो की सिगारेट, अंगात निकोटीनच जातं.

दंडबैठक

जिम नाही म्हणालात ते बरं. मी ट्रेनरच्या नादाने सहा महिने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली होती. दंड झाले, काउंट शून्य. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं आत भरपूर आहे, तो वृषणांना हुकूम देणंच थांबवतो. बंद केल्यावर परत यायला मला अकरा महिने लागले. 'ताकदीचं' म्हणून कोणी काही दिलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. पुड्या, चूर्णं, सगळंच.

शिवडीची_सून

पोटमाळा दादा, तुम्ही तपासणी केलीत यासाठीच आधी शाबासकी. आमच्याकडे माझी नळ्यांची तपासणी झाली, लॅप्रोस्कोपीची (पोटात दुर्बीण घालून तपासायची) तारीख ठरली, तोवर नवरा 'मला काय धाड भरलीय' म्हणत होता. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. शेवटी माझ्या सासऱ्यांनी त्याला हाताला धरून नेलं. डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालं, वृषणाच्या शिरा फुगलेल्या. डॉक्टरांना नुसत्या हाताने कळलं! दर शंभर पुरुषांत साधारण पंधरा जणांना असतं म्हणे, सगळ्यांना त्रास होतो असं नाही. तेव्हा दुसरा रिपोर्ट येईपर्यंत यूरोलॉजिस्टला एकदा दाखवून घ्या. तुम्हाला कोणी हात लावून तपासलेलंच दिसत नाही.

आत्यांच्या सम रात्री मात्र त्यांच्यापाशीच राहू द्या. मुलगा की मुलगी ते कोणता शुक्राणू पोचतो त्यावर ठरतं, तिथीवर नाही. तुम्हाला आधी मूल हवंय ना?

पण तुमच्या पोस्टमध्ये मला खटकलं ते वेगळंच. तिची पाळी किती दिवसांची? आणि तुम्ही 'ते दिवस' कसे काढता?

पोटमाळा_३४

ताई, अ‍ॅपवरून. अ‍ॅप चौदावा दिवस दाखवतं. तेवढ्यासाठी मी दोनदा हाफ डे टाकलाय, आणि आधीचा आठवडा-दीड आठवडा साठवणूक. (हो, कळलं आता.) पाळी ३१ ते ३३ दिवसांची, कधीच २८ नाही.

शिवडीची_सून

मग चौदावा दिवस तुमचा नाहीच! पुढच्या पाळीच्या आधी साधारण चौदा दिवस मोजायचे, झालेल्या पाळीनंतर नाही. ३२ दिवसांची पाळी म्हणजे बीज अठराव्या दिवसाच्या आसपास सुटतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगतात, पण बीज जेमतेम १२ ते २४ तास. म्हणून बीज सुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहाच दिवस कामाचे, आणि त्यातही शेवटचे तीन सगळ्यात चांगले. तुम्ही हाफ डे टाकून आलात तेव्हा घोडामैदान चार दिवस लांब होतं.

त्या दिवसांत एक दिवसाआड जमवा, रोज जमलं तरी बिघडत नाही. आणि तिला विचारा, पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार सुटणारा स्राव दिसतो का. तोच सगळ्यात स्वस्त इशारा. नाहीतर केमिस्टकडे लघवीवरचं एलएच किट मिळतं, बीज सुटायच्या आधी वाढणारं हार्मोन ते दाखवतं. दोन्ही रेघा सारख्या गडद झाल्या की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटतं.

तिला फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे का? ४०० मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहायच्या आधीपासून. दोघांची थॅलेसेमियाची तपासणीही याच निमित्ताने करून टाका.

कटिंग_चहा

फॉलिक अ‍ॅसिड बायकोलाच हं. पुरुषांसाठी झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या खपतात, त्यावर अमेरिकेत दोन हजारांहून जास्त जोडप्यांवर चाचणी झाली होती, २०२० साली निकाल आला. ना वीर्य सुधारलं, ना बाळं वाढली. माझे मात्र दोन डबे संपले होते तोवर.

आणि लालबागला राहून घाटकोपरला कशाला जाता? केईएम हॉस्पिटल तुमच्यापासून चालत आहे. देशातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी तिथेच जन्मली, ६ ऑगस्ट १९८६ ला, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीममुळे. ओपीडीला रांग लांब असते, पण तिथे ईएमआयचं कोष्टक दाखवणारा कोणी नसतो.

अण्णा_गिरगावकर

वयाने मोठा म्हणून लिहितो. आम्ही नऊ माणसं एका खोलीत राहिलो आणि मला तीन मुलं आहेत. कशी झाली ते विचारू नका. आमची आई दर श्रावणात दोन दिवस माहेरी जायची, सगळ्या सुनांना समजायचं.

सूक्ष्मदर्शी

अण्णा :) 

रात्रपाळीबद्दल राहिलं. नोकरी सोडायची गरज नाही, पण दिवसा झोप किती होते? झोप कमी पडली की टेस्टोस्टेरॉन घसरतं. पोटमाळ्यावर पत्र्याखाली दुपारी झोपत असाल तर ती झोप नव्हे. खाली पंख्याखाली झोपा, सुती सैल चड्डी घाला, लॅपटॉप मांडीवर घेऊ नका. यापलीकडे उकाड्याला घाबरायचं कारण नाही.

पोटमाळा_३४

आठ दिवसांनी लिहितोय. परवा बायको आणि मी मागच्या चौदा महिन्यांचं कालनिर्णय घेऊन बसलो. तिने पाळीच्या तारखांवर गोल केले, मी शनिवारांवर फुल्या. डेंग्यू, दिवाळीचा ओव्हरटाइम, तिच्या बहिणीचं लग्न हे वजा केलं. चौदा महिन्यांत त्या चांगल्या तीन दिवसांत आमची फुली पडली फक्त चार वेळा. चार! आणि आम्ही वर्षभर एकमेकांना 'चौदा महिने झाले' म्हणून घाबरवत होतो. ती आधी हसली आणि मग जरा रडली.

तंबाखूची पुडी सुपरवायझरकडे देऊन टाकली. सहावा दिवस आहे. पहाटे तीनला लवंग चावतो, आणि लवंग काही तंबाखू नाही, एवढंच सांगतो. यूरोलॉजिस्टची वेळ मिळाली आहे. दुसरी तपासणी डिसेंबरच्या शेवटी, डबी न नेता. आठवड्याची सुट्टी दर महिन्याला बदलून मागितली, 'बघू' असं उत्तर आलंय.

आई-बाबांना चार दिवस गावी जाऊन या म्हटलं. बाबा म्हणाले, आत्ता काय आहे गावी? आई म्हणाली, चला हो, घर झाडून येऊ. तिने मला काहीच विचारलं नाही. फक्त निघायच्या आदल्या दिवशी शिडीवर चढून, दुखऱ्या गुडघ्याने, त्या सगळ्यात जास्त करकरणाऱ्या फळीखाली वर्तमानपत्राची घडी ठोकून बसवली.

ताई, एक विचारायचं राहिलं. ते किट सकाळच्या पहिल्या लघवीवर करायचं का? ती सकाळी घाईत असते.

शिवडीची_सून

नको, ती प्रेग्नन्सी टेस्टची सवय. याला दुपारनंतरची वेळ बरी. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर करू दे, पण रोज एकाच वेळी, आणि आधीचे दोन तास पाणी जरा कमी. तिच्या पाळीच्या हिशोबाने बाराव्या दिवसापासून सुरू करा. आई नक्की कधी निघताहेत ते त्याच्याशी जुळवलंत ना?

पोटमाळा_३४

तिकीट बाराव्या दिवसाचं होतं. आत्ताच बदलून पंधराव्याचं घेतलं.