कुलचिन्ह, देवक की लांछन?

प्रश्न (धुळे) : परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या भाच्याने रुपेरी ढालीवर पिवळ्याधमक केळीचा घड व खाली आडनाव, असे चित्र काढून घेतले असून ते लग्नपत्रिकेवर छापावयाचे आहे. त्यास ‘कुलचिन्ह’ म्हणावे काय? घरातील वडीलधारी मंडळी ‘हे आपले देवक नव्हे’ म्हणून अडून बसली आहेत.

उत्तर (जळगाव) : वडीलधाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे. कळंब, पंचपल्लव, मोरपीस यांसारखे देवक लग्नात पूजेला बसवतात आणि एकच देवक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही. ढालीवरच्या चित्राचे काम निराळे. युरोपात १२व्या शतकात, शिरस्त्राणाआड चेहरा झाकलेला सरदार ओळखू यावा, म्हणून ही प्रथा रुजली आणि तेच चित्र चिलखतावरच्या अंगरख्यावरही येऊ लागल्यामुळे ‘कोट ऑफ आर्म्स’ या त्याच्या इंग्रजी नावात ‘कोट’ शिरला. शिवाय इंग्लंडमध्ये हे चिन्ह आडनावाला मिळत नाही. ते विशिष्ट व्यक्तीला व तिच्या वंशजांना मिळते आणि ते देणारी तेथील संस्था १४८४ पासूनची आहे. त्या अर्थाने आडनावाखातर काढलेले चित्र ‘कुलचिन्ह’ ठरत नाही.

आपल्याकडचा जुना शब्द ‘लांछन’. त्याचा मूळ अर्थ नुसती खूण. तीर्थंकरांची लांछने (ऋषभदेवांचा बैल, महावीरांचा सिंह) आजही त्याच अर्थाने सांगितली जातात आणि चंद्र ‘शशलांछन’ ठरतो तो सशाच्या खुणेमुळेच. पुढे शब्दाला कलंकाचा वास लागला, त्यामुळे पत्रिकेवर ‘कुललांछन’ छापल्यास व्याही मांडवातून परत फिरतील! ‘मुद्रा’ही जुळत नाही, कारण शिवाजी महाराजांची मुद्रा श्लोकाची आहे, चित्राची नव्हे; आणि ‘मानचिन्ह’ म्हटले की सत्काराची शाल-नारळ डोळ्यांसमोर येते.

युरोपातल्या त्या चिन्हातील शिरस्त्राण, दोन्ही बाजूंचे प्राणी, ब्रीदवाक्य हा सारा साज वगळला तरी चालतो, ढाल मात्र लागतेच. म्हणून मी ‘ढालचिन्ह’ सुचवतो.

प्रश्नकर्ता : शब्द पटला. मग चित्र तसेच छापावे काय?

उत्तर : एक दुरुस्ती हवी. ढालचिन्हांच्या युरोपीय शास्त्रात पिवळा म्हणजे सोने, पांढरा म्हणजे चांदी, आणि धातूवर धातू ठेवू नये असा दंडक आहे. घड हिरवा करावा. नाही तरी आपल्याकडे केळी हिरवीच ट्रकमध्ये भरतात.