३०५५ म्हणजे ३०५५? नाही हो!

उद्यमबागवाला
काल इथं एकानं लिहिलं: "जुना पॉवर सप्लाय गेला? त्यातला २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर काढा, मिळेल त्या दुकानातून नवा आणून बसवा, अर्ध्या तासाचं काम. म्हातारे मेकॅनिक उगाच बाऊ करतात." खाली चाळीस लाईक. मी त्या म्हाताऱ्यांपैकीच, म्हणून जरा लांबण लावतो.

गेल्या पावसाळ्यात एका फौंड्रीच्या टेस्ट बेंचवरचा सप्लाय आला. ३० व्होल्ट, ५ अँपियर, सत्तरच्या दशकातला, मागं उष्णता घालवणाऱ्या काळ्या फिनवर टीओ-३ चे, म्हणजे धातूच्या टोपीतल्या ट्रान्झिस्टरचे, दोन डबे. एक शॉर्ट. नवा बसवला, मल्टिमीटरवर १२.०० स्थिर. खूश होऊन दिला. आठ दिवसांत परत: "सर्किट कार्ड जोडलं की रीडिंग नाचतंय." लोड नसतानाही फिन कोमट. ऑसिलोस्कोप (स्कोप) लावल्यावर कळलं, आउटपुटवर शेकडो किलोहर्ट्‌झची जाड लाट बसलीय. मल्टिमीटरला ती दिसणार कशी?

जुना ३०५५ होमटॅक्सियल, म्हणजे जुन्या पद्धतीनं बनवलेला, आरसीए या अमेरिकन कंपनीच्या काळातला. डेटाशीटवर एफटी (ट्रान्झिस्टरच्या वेगाचं माप) किमान ०.८ मेगाहर्ट्‌झ. आताचा एपिटॅक्सियल, नव्या पद्धतीचा, किमान २.५. डब्यावर नंबर तोच, पण रेग्युलेटरचा लूप (आउटपुट बघून व्होल्टेज सावरणारं सर्किट) बेतलाय त्या आळशी गड्यावर. तरणा आणून बसवला की उधळतो. बेसला १० ओहम घातले, लूपला आवरणारा कॉम्पेन्सेशनचा कपॅसिटर वाढवला, तेव्हा कुठं शांत झाला.

खडेबाजार_सर्किट
तो "एकानं" म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजता कशाला? मी आजवर वीसेक सप्लायना नवे ३०५५ घातले, एकही परत आला नाही. तुमच्या एका नाचऱ्या कार्डासाठी सगळ्या गावानं स्कोप घ्यायचा का?

उद्यमबागवाला
परत आला नाही की गिऱ्हाईकच परत आलं नाही?

खडेबाजार_सर्किट
हे बोलणं बरं न्हाई. दुकान चालवतो मी, धर्मशाळा न्हाई.

निपाणी_रेडिओ
दोघंही थांबा. खरं दुखणं होमटॅक्सियल नाहीच, नकली माल हे आहे. मागं एका दुकानातून पाच आणले. डबे चकाचक, छपाई पांढरीशुभ्र. कापसाला ॲसिटोन लावून पुसलं तर नंबर कापसावर आला. एक हॅकसॉनं कापला. आतली चिप मसुराच्या डाळीएवढी! ११५ वॅटचा कागद आणि डाळीएवढं काळीज. कोणतं दुकान ते सांगत नाही, मालकाला तरी काय ठाऊक असणार.

टिळकवाडीकर
म्हणूनच म्हणतो, माल मुंबईहून आणावा. रात्रीची बस धरली की सकाळी लॅमिंग्टन रोड. मराठीत मागता येतं, बिल मिळतं.

खानापूरचा
लॅमिंग्टन रोडवर मराठी? कधी गेला होता शेवटचं? मला तर हिंदीतच विचारलं, "कितना चाहिए?" एस. पी. रोड बरा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं जायचं, सकाळी बेंगळुरू. "एरडु कोडि" म्हटलं की दोन हातावर.

टिळकवाडीकर
दोन मागून दोन मिळाले यात कसला पराक्रम? मला तिथं दोनदा भंगारातलाच माल नवा म्हणून दिला. पायांवर जुनं सोल्डर होतं.

खानापूरचा
आणि लॅमिंग्टनवर सोनं देतात की काय? मला तिथं माइका वॉशरच्या (फिन आणि डब्यामध्ये घालायची इन्सुलेटर चकती) पाकिटात प्लास्टिकचे तुकडे घातले होते! घरी आल्यावर फिन आणि डबा एकमेकाला चिकटलेले. डबा म्हणजेच कलेक्टर, तो सरळ चेसिसला. वास अजून नाकात आहे.

शहापूर_सोल्डर
ट्रान्झिस्टरच्या धाग्यात सीमाप्रश्न घुसवलात, शाबास. आता एक जण पुण्याची तपकीर गल्ली घेऊन येईल.

पुणेरी_पाहुणा
तपकीर गल्ली आहेच की.

शहापूर_सोल्डर
आलाच!

टिळकवाडीकर
भाषेचा अभिमान नाही म्हणून आपल्याकडं...

निपाणी_रेडिओ
दादा, ट्रान्झिस्टरला मराठी येत नाही, कन्नडही येत नाही. पुढं चला.

खडेबाजार_सर्किट
बरं, नकली माल असतो, मान्य. त्यावर माझं उत्तर सोपं आहे: ३०५५ च्या जागी वजनदार घाला. २एन३७७३ घ्या, १४० व्होल्ट, १५० वॅट. एमजे१५०१५ मिळाला तर आणखी उत्तम.

उद्यमबागवाला
हे मात्र बरोबर बोललात, तारीख लिहून ठेवतो. पण मोठ्या नावाचेच नकली जास्त निघतात. आणि जोडीतला एकच बदलू नका. दोन समांतर असतील तर एमिटरला ०.१ ओहमचे रेझिस्टर असतात. लोड देऊन दोन्हींवरचा ड्रॉप मोजा. ५ अँपियरला दोघांनी अडीच-अडीच वाटून घेतले तर प्रत्येकी पाव व्होल्ट. परवा एकाचा ०.३८ आणि दुसऱ्याचा ०.१२ निघाला. एकटाच राबत होता बिचारा. बदलायचे तर दोन्ही, एकाच लॉटचे. गेन (करंट किती पट वाढवतो ते) मोठ्या फरकानं वेगळा असतो, ४ अँपियरला २० ते ७० मधलं काहीही चालतं म्हणून कागदच सांगतो.

शहापूर_सोल्डर
विदेशी उपकरणांचं कुणीच बोललं नाही. माझ्या एचपी सप्लायच्या डब्यावर १८५४ नं सुरू होणारा नंबर होता. महिनाभर शोधला, शेवटी यादी पाहिली तर आत साधा ३०५५! कंपनीचा घरचा नंबर. टेक्ट्रॉनिक्सवाले १५१ नं सुरू करतात. मी मूर्खासारखा परदेशी दुकानांत ३५ डॉलर मोजायला निघालो होतो.

खानापूरचा
आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जर्मेनियमवाला होता, एडी१४९. पीएनपी. एकानं सिलिकॉन पीएनपी टाकला आणि म्हणाला चालत नाही. चालेल कसा, बेसचा बायस ०.२ व्होल्टच्या हिशेबाचा, सिलिकॉन ०.६ मागतो.

खडेबाजार_सर्किट
ठीक आहे. उद्या माझ्या डब्यातला एक ३०५५ कापून बघतो. मोठी चिप निघाली तर उद्यमबागवाल्यांनी मला बेळगावी कुंदा द्यायचा.

उद्यमबागवाला
पाव किलो. मसूर निघाला तर तुम्ही अर्धा.

खडेबाजार_सर्किट (दुसऱ्या दिवशी)
मसूर न्हाई. मूग म्हणा. जरा मोठा आहे.

निपाणी_रेडिओ
फोटो टाक.

खडेबाजार_सर्किट
फोन चार्जिंगला आहे.

टिळकवाडीकर
मूग असो की मसूर, आणलास कुठून ते सांग. एस. पी. रोड ना?

खडेबाजार_सर्किट
लॅमिंग्टन.